वॉटरटाइट दार

४ ऑगस्ट, सोमवार

वारा नैऋत्य, जोरदार. समुद्र खवळलेला. एक तारखेला मासेमारीबंदी उठली, पण आमच्या मिरकरवाडा बंदरातून बाहेर पडलेल्या बोटी दुसऱ्याच दिवशी माघारी आल्या.

सव्वीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. तिथली सवय म्हणून आधी वारा लिहितो. आता मी मच्छीमार संस्थेचा सचिव आहे आणि वाऱ्याशी माझा संबंध खिडकी लावण्यापुरता उरला आहे.

आज ऑफिसात नवा कॉम्प्युटर बसला. राही नावाची मुलगी आमचे कॉम्प्युटर सांभाळते. खेडकडची, वय पंचविसाच्या आसपास, वर्षाच्या करारावर. सप्टेंबरात करार संपतो, तेव्हा तिला ठेवायची की नाही ते कमिटी ठरवील. तिने मला समजावलं की या मशीनवर दोन माणसं काम करतील. एक 'सचिव', म्हणजे पत्रं, फोटो, हवामानाचे नकाशे. दुसरा 'नोंद', म्हणजे कुठली बोट बाहेर आहे आणि तिच्यावर कोण कोण खलाशी, ती यादी. वादळात तटरक्षक दल आधी तीच मागतं.

"दुसरा माणूस कोण?" मी विचारलं.

"तोही तुम्हीच, चाचा. पण वेगळ्या पासवर्डने. एकाच्या वस्तूंना दुसऱ्याने हात लावायचा नाही."

मी एकटा दोन माणसं आहे, हे ऐकून माझ्या बायकोला, खुर्शीदला, काहीच आश्चर्य वाटलं नाही.

तिसरा पासवर्ड मशीनच्या मालकाचा, सगळी कुलपं उघडणारा. तो राहीकडे. एक प्रत लिफाफ्यात, लिफाफा कमिटीच्या कपाटात, चिकटवलेल्या झाकणावर आमचे चेअरमन भागोजीशेट यांची आडवी सही. कपाटाची किल्ली माझ्याकडे.

७ ऑगस्ट, गुरुवार

नव्या मशीनवर माझा जुना प्रोग्राम घालून घेतला. हवामानाचे नकाशे बघायचा. जहाजावरून येताना सीडीवर आणला होता, त्यात फोटोही दिसतात. राहीने तोंड वाकडं केलं. "हा फार जुना आहे, चाचा. नवे प्रोग्राम दर वेळी मेमरीत वेगळ्या जागी बसतात, म्हणजे बाहेरच्याला नेम धरता येत नाही. हा दर वेळी त्याच जागी बसतो."

मीही चौदा वर्षं त्याच खुर्चीत बसतो. यात वाईट काय ते तिला सांगता आलं नाही.

या चौदा वर्षांत रोज सकाळचा नकाशा मी साठवून ठेवला आहे. तिने त्यांची दुसरी प्रत काढून ठेवू का, असं विचारलं. मी म्हटलं, ते खाजगी आहे.

१२ ऑगस्ट, मंगळवार

वारा पश्चिम. पाऊस अधूनमधून.

परदेशातल्या एका जाळ्यांच्या कंपनीचं पत्र ईमेलवर आलं. लिहिणारे कोणी डेनिस साहेब. 'प्रिय आदरणीय मासेमारी मंडळ, आम्ही तुम्हाला नमस्कार इच्छितो.' परदेशी माणसाने मराठीतून नमस्कार इच्छिणं ही साधी गोष्ट नाही. सोबत नव्या जाळ्याचा फोटो जोडला होता. माझ्या प्रोग्राममध्ये उघडला तर प्रोग्रामच नाहीसा झाला. पुन्हा उघडला, पुन्हा नाहीसा. राहीच्या नव्या प्रोग्रामला तो फोटोच वाटेना. त्याने 'ही फाइल नीट नाही' असं सांगून हात झटकले.

मी डेनिस साहेबांना कळवलं की आपला फोटो आमच्याकडे उघडत नाही, कृपया पुन्हा पाठवावा.

१३ ऑगस्ट, बुधवार

सकाळी साडेनऊला त्यांचं उत्तर हजर. फोटो पुन्हा पाठवला आणि 'आपण कोणता प्रोग्राम वापरता, मी मदत करू इच्छितो' असं विचारलं. मी प्रोग्रामचं नाव, साल, सगळं लिहून पाठवलं. आपल्या सरकारी खात्यात असं कोणी आस्थेने विचारत नाही.

फोटो मात्र उघडेना. राहीला बोलावलं. तिने पत्र वाचलं आणि म्हणाली, "चाचा, हे पुसून टाका. हा फोटो नाही."

"मग काय आहे?"

"फोटोच्या आत कोणीतरी हुकूम भरून पाठवलेत." तिने कागद घेतला आणि चौकोन काढले. "मेमरीत मालाची जागा वेगळी असते आणि हुकूम चालवायची जागा वेगळी. फोटो हा माल. तुमचा प्रोग्राम जुना, त्याच्यात भोक आहे. त्या भोकातून फोटो त्याला फसवतो, की माझ्यात जे लिहिलंय ते हुकूम म्हणून चालव. प्रोग्राम बिचारा चालवायला जातो. पण सिस्टीमने त्या जागेवर लिहून ठेवलेलं असतं, इथे फक्त माल. इथून हुकूम निघाला की ती प्रोग्रामलाच बंद करते."

"म्हणजे होल्डमधल्या पोत्याने ब्रिजवर येऊन सुकाणू धरलं, तसं."

"तसंच. आणि दुसरं, एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या मेमरीत डोकावता येत नाही. मध्ये भिंत असते."

मी म्हटलं, जहाजावरही अशा भिंती असतात आणि त्यांना पाणी अडवणारी वॉटरटाइट दारं असतात, आणि त्या दारांनी माणसाचा जीव नकोसा होतो. ती म्हणाली, इथेही वगळलेल्यांची एक यादी आहे, तीत एखाद्या प्रोग्रामचं नाव घातलं की मालाची तपासणी त्याच्यापुरती बंद होते. "पण ती यादी रिकामी आहे, आणि रिकामीच राहू दे."

मुलगी हुशार आहे. पण तिला सगळीकडे चोर दिसतात. पत्र मी पुसलं नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

प्रोग्राम आज चार वेळा बंद पडला. दर वेळी मी तोच फोटो उघडत होतो, हे खरं. पण दुसरा कोणता फोटो उघडून बघणार?

कमिटीला लेखी तक्रार दिली: 'सदर यंत्र वारंवार बंद पडते, यामागे संबंधित कर्मचाऱ्याची तांत्रिक अकार्यक्षमता असावी.' शेवटचा शब्द शोधायला अर्धा तास गेला. भागोजीशेट वाचून म्हणाले, "रसूलभाय, आमची वही कधी बंद नाय पडली. तिचा करार संपतोय ना? दहा तारखेच्या मिटिंगीत बघून टाकू."

राहीची नोकरी जाईल असं माझ्या मनात नव्हतं. मला फक्त फोटो बघायचा होता.

घरी वेगळीच कटकट. दापोलीजवळच्या हर्णैहून, फैझानकडून, लग्नाचं आमंत्रण आलं. त्याची मुलगी झोया, तिचं १४ सप्टेंबरला लग्न. फैझान खुर्शीदच्या लांबच्या नात्यातला, आणि एका जहाजावर माझ्याबरोबर थर्ड इंजिनियर होता. मी म्हटलं, रस्ता फार खराब आहे.

"सत्तावीस वर्सां रस्ता खराब?" खुर्शीद म्हणाली. "दापोलीच्या बाजूला काय निघाला की तुमाला काम निघता."

मी म्हटलं, बघू.

२५ ऑगस्ट, सोमवार

राही गणपतीला गावी गेली. भागोजीशेट घरी मखर बांधतात. शिपाई, बर्फवाला, ऑडिटर, सगळे आपापल्या गावी. दर वर्षी या दिवसांत संस्था मी एकटा सांभाळतो आणि ईदला ते लोक सांभाळतात. आजवर कोणाची तक्रार नाही.

जाताना राही पेढे ठेवून गेली. म्हणाली, "काही अडलं तर फोन करा, चाचा. आरतीत असले तरी उचलीन."

२८ ऑगस्ट, गुरुवार

वारा मंद. बंदरात बोटींची गर्दी, माणूस एक नाही. घराघरातून आरत्या ऐकू येतात.

डेनिस साहेबांचं तिसरं पत्र. त्यांनी माझ्यासाठी खास फोटो तयार केला आहे, आणि तरीही न उघडल्यास तपासणी कुठे बंद करावी ते पायरीपायरीने चित्रं काढून पाठवलं आहे. इतकं समजावून मला इंजिनरूममध्येही कोणी सांगितलं नव्हतं. शेवटच्या पायरीला मालकाचा पासवर्ड लागतो.

राहीला फोन करणार होतो. पण सणासुदीत मुलीला कशाला त्रास, असा विचार केला. खरं लिहायचं तर ती नको म्हणाली असती.

ऑफिसात चहाची किटली आहे. लिफाफ्याचं झाकण वाफेवर तीन मिनिटांत सुटलं. पासवर्ड वापरला, प्रोग्रामचं नाव वगळलेल्यांच्या यादीत घातलं, कागद परत आत ठेवला, डिंक लावला, वर लॉगबुक ठेवून दाबलं. भागोजीशेटची सही दोन्ही बाजूंनी अशी जुळली की त्यांनी स्वतः इतकी सरळ केली नसती.

मशीन बंद करून चालू केलं. फोटो उघडला.

निळं जाळं. साधंच. कोपऱ्यात एक बोया. यासाठी मी सोळा दिवस घालवले. निदान प्रोग्राम बंद पडला नाही, म्हणजे तक्रार बरोबर होती. मशीन जरा जड चालतंय, पण हवा दमट आहे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी पत्रं उघडेनात. फोटो उघडेनात. प्रत्येकाच्या नावापुढे परक्या अक्षरांचं शेपूट. माझे नकाशे, चौदा वर्षांचे, प्रत्येकाला तेच शेपूट. पडद्याच्या मध्ये इंग्रजीत चिठ्ठी: सगळं कुलूपबंद केलं आहे, किल्ली हवी तर पैसे द्या. चिठ्ठीत नमस्कार नव्हता.

मी डेनिस साहेबांना पत्र लिहिलं की आपल्या नावाने कोणीतरी गैरप्रकार करत आहे, सावध राहावं. पाठवल्यावर दहा मिनिटं खुर्चीत बसून होतो. मग समजलं.

मशीनची वायर भिंतीतून काढली. जुम्म्याच्या नमाजला गेलो, काय पढलो ते आठवत नाही. राहीला फोन केला: "मशीन बिघडलं आहे." तिने विचारलं, "काय केलंत?" मी म्हटलं, "काही नाही. सकाळी आलो तर असं."

३ सप्टेंबर, बुधवार

गौरीविसर्जन उरकून राही आज पहिल्या गाडीने आली. तिने दिवसभर मशीन तपासलं. पत्रं मिळाली, तिने तेवीस तारखेला वेगळ्या डिस्कवर प्रत काढून ठेवली होती. नकाशे गेले. त्यांची प्रत नव्हती.

आणि खलाशांची यादी जशीच्या तशी. एक नाव हललं नाही. राही म्हणाली, "जे आत शिरलं ते 'सचिव'च्या खोलीत शिरलं. 'नोंद'च्या फाइलींना हात लावायची त्याला परवानगी नव्हती. पाणी एका खोलीत भरलं, भिंत टिकली." हे मी बोलायला हवं होतं.

मग तिने वगळलेल्यांची यादी उघडली आणि बराच वेळ बघत राहिली.

"चाचा, यात तुमचा प्रोग्राम आहे."

मी खिडकीबाहेर बघितलं.

"मी बसवताना घातला असेल का? मला आठवत नाही. पण दुसरं कोणी घालूच शकत नाही, लिफाफा तर बंद आहे." तिने उठून कपाटातला लिफाफा उजेडाला धरून बघितला. "बंदच आहे. म्हणजे माझ्याकडूनच."

मी म्हटलं, होतं असं कधीकधी.

हे वाक्य मी याआधी कुठेतरी बोललो आहे. तेव्हापासून तेच आठवतोय.

५ सप्टेंबर, शुक्रवार

ईद-ए-मिलाद. मशिदीत बयान, म्हणजे प्रवचन, झालं. विषय अमानत: कोणी विश्वासाने सोपवलेली वस्तू कशी सांभाळावी. मी मागच्या रांगेत होतो. कपाटाची किल्ली खिशात होती आणि बसताना मांडीला टोचत होती.

८ सप्टेंबर, सोमवार

वारा नाही.

ते वाक्य कुठे बोललो ते लिहून ठेवतो. इतकी वर्षं कुठल्याच डायरीत लिहिलं नाही. त्या दिवसाच्या डायरीत फक्त वारा आहे.

१९९८. शारजाच्या मालकाचं जुनं जहाज. इंजिनरूम आणि मागचा शाफ्ट टनेल, म्हणजे पंख्याच्या दांड्याचा बोगदा, यांच्यामध्ये वॉटरटाइट दार. नियम असा की गेलं की लावायचं, आलं की लावायचं. माझ्या दिवसाला वीस-पंचवीस खेपा, हातात तेलाची बादली. दार जड. मी ते दोरीने मागच्या पाइपाला बांधून ठेवायचो. तपासणी आली की सोडायचो. एका दुपारी टनेलमध्ये पाइप फुटला आणि पाणी उघड्या दारातून सरळ इंजिनरूममध्ये आलं. सात तास जहाज अंधारात वाहत गेलं. कोणी मेलं नाही.

वॉच, म्हणजे त्या वेळची पाळी, फैझानचा होता. पंचवीस वर्षांचा, थर्ड इंजिनियर म्हणून पहिलंच जहाज. चीफ इंजिनियरने विचारलं, दार उघडं कसं? फैझान म्हणाला, मी बघितलं होतं, बंद होतं, की नव्हतं, आठवत नाही. दोरी कुठेच सापडली नाही, पाण्याने वाहून गेली असणार. मी तिथेच उभा होतो. मी म्हटलं, होतं असं कधीकधी. फुजैरा बंदरात त्याला उतरवलं. मग कुठल्या कंपनीने त्याला घेतलं नाही. हर्णैला त्याचं बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान आहे, असं ऐकतो.

मला लाज वाटते. हे वाक्य लिहायला सत्तावीस वर्षं लागली.

१० सप्टेंबर, बुधवार

मिटिंग. नऊ जण हजर. विषय चौथा, माझी तक्रार. भागोजीशेटनी मोठ्याने वाचली. 'तांत्रिक अकार्यक्षमता'पाशी दोनदा अडखळले.

राही दाराजवळच्या खुर्चीत. डोळ्यांखाली काळं. भागोजीशेटनी तिला विचारलं, "तपासनी कोनी बंद केली?"

"मला आठवत नाही. माझ्याकडूनच झालं असेल."

भागोजीशेटनी लिफाफा वर धरला. "हा बघा. माझी सही. बंद हाय. म्हंजे पासवर्ड तिच्याशिवाय कोनाकडं नव्हता. आता आनखी काय बघायचा?"

माझ्यासमोर मिनिटबुक होतं. मी 'सर्वानुमते' एवढं लिहून ठेवलं होतं.

मी उभा राहिलो. म्हटलं, "तो लिफाफा मी उघडला. अठ्ठावीस तारखेला. मीच परत चिकटवला. यादीत नाव मी घातलं, फोटो मी उघडला. हिने मला दोनदा बजावलं होतं. खलाशांची यादी शाबूत राहिली ती हिच्यामुळे."

भागोजीशेटनी लिफाफा डोळ्यांजवळ नेला.

"वाफेवर?"

"किटलीच्या."

"सही मातर बेस जुळवलाव," ते म्हणाले.

ठराव झाला. राहीला दोन वर्षं मुदतवाढ. कपाटाची किल्ली सचिवांकडून काढून तिच्याकडे. सचिव मार्चपर्यंत राहतील, कारण मिनिटं लिहायला दुसरं कोणी तयार नाही. ती मीच लिहिली: 'सचिवांनी आपली चूक कबूल केली.' अक्षर बरं आलं.

बाहेर राही थांबली होती. मला वाटलं आभार मानील. म्हणाली, "आठ दिवस मी नीट जेवले नाही, चाचा. आईला सांगून ठेवलं होतं, गावी परत येते म्हणून. मला वाटायला लागलं होतं की मला हे काम येतच नाही."

मी म्हटलं, "मला माफ कर."

"करीन," ती म्हणाली. "आज नाही."

११ सप्टेंबर, गुरुवार

जुना प्रोग्राम मी स्वतः पुसला. राहीने विचारलं नव्हतं. आजचा नकाशा नव्यात साठवला. नकाशा क्रमांक एक. राहीने त्याची दुसरी प्रत काढली, मी काढू दिली.

खुर्शीदला म्हटलं, रविवारी हर्णैला जाऊ. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

१४ सप्टेंबर, रविवार. हर्णै.

रस्ता चांगला आहे.

फैझानचे केस पांढरे झाले आहेत. त्याने मला लांबून ओळखलं आणि मांडवाच्या दारात मिठी मारली. खुर्शीद बायकांत गेली. मी त्याला बाजूला घेतलं, जनरेटरच्या पलीकडे, जिथे इंजिनाच्या आवाजात आम्हां दोघांनाही बोलायची सवय आहे. जे बोलायचं होतं ते येताना गाडीत पाठ केलं होतं. प्रत्यक्षात एवढंच आलं: "दार मी बांधलं होतं. दोरी माझी होती."

"ठाऊक हाय मना," फैझान म्हणाला.

"कसं?"

"पानी आला तवा पयला मीच दाराकडं धावलो. दोरी कापली, खिशात टाकली. गाठ बघितलेली. तशी गाठ जहाजावर दुसरा कोन मारीत नव्हता."

मी विचारलं, "मग चीफला दाखवली का नाहीस?"

तो जनरेटरकडे बघत राहिला. लोक आत-बाहेर करत होते, कोणीतरी त्याला हाक मारली, त्याने हाताने थांब म्हटलं.

"मना वाटला, तुमी सांगशाल," तो म्हणाला. "त्या दिवशी वाटला. मंग दुसऱ्या दिवशी वाटला. मंग फुजैरा आला."

त्याने माझा दंड धरला आणि मांडवाकडे वळवलं. "जेवलाव काय? चला. पयली बैठक उठली."

वारा पश्चिमेचा, हलका. समुद्र शांत. दुसऱ्या बैठकीला त्याच्या शेजारी बसून जेवलो.